सत्तर किलोंचा फरक

मानवत
गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५

आजोबा, नमस्कार.

सोमवारी तुम्हाला टाकलेल्या पत्रात मी एक चूक लिहिली आहे, ती आधी दुरुस्त करते. रविवारी, २३ तारखेला, गाडीचं दुसऱ्यांदा वजन केलं तेव्हा बजरंगदादा गाडीतून खाली उतरलेला होता, असं मी लिहिलं होतं. तो उतरलेला नव्हता. तो गाडीतच बसलेला होता. ते पत्र जवळ असेल तर त्या ओळीवर काट मारा आणि हे पत्र त्याला जोडून ठेवा.

तुम्हाला ही लहान गोष्ट वाटेल, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

दादाची कॉन्टेसा ९ नोव्हेंबरला मी पावत्या करते त्या जिनिंगच्या भुईकाट्यावर पहिल्यांदा चढली. दादा आत होता. वजन १२६०. दादाचं स्वतःचं वजन मी छोट्या काट्यावर केलं, ते ७०. म्हणजे रिकामी गाडी ११९०. पिंगळीच्या शर्यतीत हजार किलोंच्या आतल्या गाड्यांचा वेगळा गट असतो आणि त्यात बसायचं तर १९० किलोंहून जास्त उतरवायला हवं. इंजिनाच्या मागे लागू नका, अंग उतरवा, गाडी आपोआप पळेल, असं तुम्हीच कळवलं होतं. सोबत काय काय काढता येईल त्याची यादी पाठवली होती. तिच्यातले आकडे तुमच्या उस्तादांच्या वळणाचे, उर्दूतले. ते बाबांनी भिंग धरून मला वाचून दाखवले.

यादीप्रमाणे दादाने काढलेली प्रत्येक वस्तू मी स्वतः तोलली. मागचं सीट २४. स्टेपनी आणि जॅक २०. एसीचं सामान ३१. दोन्ही बंपर २२. खालचा गालिचा आणि त्याखालचं डांबराचं अस्तर १९. बाकी किरकोळ १४. एकूण १३०. तेव्हा दादासकट गाडी ११३० भरायला हवी होती. काट्याने १०६० दाखवले. सत्तर कमी.

सत्तर हा आकडा दिसला आणि मी पुढचा विचारच केला नाही. आमच्या धंद्यात हा फरक रोजचा आहे. कापसाची भरलेली गाडी डायव्हरसकट चढते, रिकामी परत येते तेव्हा डायव्हर खाली उतरून बिडी ओढत उभा राहतो आणि त्याच्या अंगाचं वजन कापूस म्हणून लागतं. मी सात वर्षांची होईपर्यंत आजारपणामुळे शाळेत गेले नव्हते. बाबा बाजार समितीत मापाडी होते, त्यांनी मला तिथेच पोत्यांवर बसवून अक्षरं आणि आकडे शिकवले. आणि हेही शिकवलं, की डायव्हर दोन्ही वेळा वर पाहिजे नाहीतर दोन्ही वेळा खाली. माझ्या डोक्यात तेच बसलेलं. सत्तरचा फरक म्हणजे डायव्हर उतरला. मी काट्याच्या केबिनच्या काचेवर बसलेली सरकी-धूळ पुसून बाहेर पाहिलंसुद्धा नाही. रजिस्टरात लिहिलं, ‘डायव्हर खाली’. दादा नंतर खिडकीपाशी आला, माझ्या हाताखालची ती ओळ त्याने वाचली, आणि गाडीकडे परत गेला.

काल आमच्या सुलाबाईंनी, त्या काटा झाडतात, सहज विषय काढला. म्हणाल्या, “तुझा भाऊ लय राजा माणूस हाय बाई. गाडीतून उतरला न्हाई, आतच बसून शेंगा खाल्ल्या अन् टरफलं माझ्या काट्यावर टाकली.” मी दोनदा विचारलं, कोणता दिवस. रविवारच, दुसऱ्या वजनाचा. टरफलं त्यांनी स्वतः झाडली होती.

म्हणजे रिकामी गाडी ९९० भरते. ती हजाराच्या आत आलेली आहे. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी १३० किलो तोलले आहेत आणि गाडीतून २०० गेले आहेत. आजोबा, परभणीच्या डॉक्टरांकडे ही गाडी होती तेव्हा अठरा वर्षं ती तुमच्याच हाताखाली होती. तुम्हाला तिचा खिळा न् खिळा माहीत आहे. न तोललेलं सत्तर किलो लोखंड तिच्यातून कुठून जाऊ शकतं?

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलवर लिहिलं तर तुमच्याकडे आधी बबितामामी वाचतात, म्हणून पत्रच लिहिते. दादाला यातलं काही बोलले नाही.

तुमची,
राजेश्री


पोखर्णी
१ डिसेंबर

राजेश्री माय,

तुझं पत्र पोचलं. पोष्टमननं दारात उभं राहून किती हाका मारल्या त्यालाच माहीत, शेवटी बबितानं माझ्या खांद्याला हात लावला. चाळीस वर्षं पत्रा ठोकून ठोकून कानात आता ठोकाठोकच राहिली हाय, बाकी दुनिया गप झाली.

तू लय बारीक पाहातीस. तुझी आई पण अशीच होती. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायची. माझी भाची, पण मीच तिला भ्यायचो.

सत्तर किलोची एवढी फिकीर करू नको. भुईकाटा हाय, सोन्याचा काटा न्हाई. त्याच्या खाली सरकी अडकती, मुंग्या घर करत्यात, पावसाचं पाणी बसतं. टाकीत पेट्रोल किती होतं ते बघितलं का? भरलेली टाकी अन् रिकामी टाकी यातच तीस-चाळीस किलोचा फरक पडतो. रेडिएटरचं पाणी धर. दोन-चार नट-बोल्ट तू तोलले नसतील. सगळं मिळून सत्तर होतंय.

जुन्या गाड्यांचं लोखंड असंबी उतरतं. डॉक्टरसाहेबांनी ती गाडी शेवटी सहा वर्षं चिंचेखाली उभी केली होती. गंज खाऊन खाऊन पत्रा हलका होतो.

अन् बजरंगला उगं टोचू नको. मागल्या वर्षी ती पोरं त्याला काय काय बोलली ते इथवर आलं होतं. माणसाला एक डाव तरी वर मान करून घरी यावं वाटतं. तो तर दिवाळीपासून माझ्याकडं फिरकला पण न्हाई, त्यामुळं गाडीचं आता काय केलंय ते मला कळायचं कसं?

रजिस्टरातली नोंद खोडू नको. खोडलं की सगळ्यांची नजर तिथंच जाती. राहू दे तशीच.

बाबाला माझा नमस्कार सांग. डोळ्याचं ऑपरेशन थंडीतच करून घ्या म्हणावं.

किशनराव मिस्त्री


मानवत
शनिवार, ६ डिसेंबर २०२५

आजोबा, नमस्कार.

तुम्ही सांगितलेली प्रत्येक शंका मी तपासली. त्याच क्रमाने लिहिते.

काट्याखालची सरकी बुधवारी साफ करून घेतली. मग जिनिंगची वीस किलोंची पक्की वजनं, पन्नास, सुलाबाई आणि मी एकेक करून काट्यावर मांडली. काट्याने बरोबर हजार दाखवले. मॅनेजर म्हणाले, पोरीचं लग्न ठरंना म्हणून लोखंडाशी लावून घेतीय का काय. सुलाबाई हसल्या, मीही हसले. पण काटा बरोबर आहे.

पेट्रोल दोन्ही वेळा पाच लिटरच होतं. दादा एकाच कॅनमधून मोजून टाकतो. रेडिएटर दोन्ही वेळा भरलेला. नट-बोल्ट मी डब्यासकट तोलून डबा वजा केला होता.

राहिला गंज. गंज चौदा दिवसांत सत्तर किलो खात नाही.

गुरुवारी दादा पाथरीला गेला होता. घरामागच्या शेडमध्ये गाडीवर ताडपत्री होती, ती काढली. मागच्या सीटच्या जागी त्याने नवं काळं कापड ताणून चिकटवलं आहे, दिसायला अगदी नीटस. मी त्यावर हात ठेवला तर हात आत गेला. कापडामागे जी लोखंडी भिंत असायला हवी, ती नाही. तिथून सरळ डिकी दिसते. दारं वाजवून पाहिली. चारही दारं तेलाच्या रिकाम्या डब्यासारखी वाजतात.

कापलेले तुकडे शेडच्या कोपऱ्यात जुन्या बारदान्याखाली सापडले. चार दारांच्या आतल्या आधाराच्या चार पट्ट्या, सीटमागची प्लेट आणि डिकीच्या तोंडाशी असतो तो आडवा दांडा. पोत्यात घालून रिक्षाने जिनिंगवर नेले, तोलले आणि परत आणून तसेच झाकून ठेवले. ५८ किलो. अजून १२ किलोंचा पत्ता नाही.

दादा आल्यावर मी त्याला विचारलं. शेडमध्येच, बाबांना ऐकू जाणार नाही अशा बेताने. आधी तो हसला. मग म्हणाला की मागच्या वर्षी गाडी सगळ्यात शेवटी आली, ते शूटिंग सगळ्यांनी पाहिलं, कुणीतरी आरशाला म्हशीचं घुंगरू बांधलं, आणि अजूनही तो कोंडवाड्याजवळून निघाला की टपरीवरची पोरं विचारतात, बजरंग, म्हशीला पेंड टाकली का. हे सगळं मला माहीत होतं. तरी ते मी पूर्ण ऐकून घेतलं.

मग म्हणाला, “म्हशीचं मांस उतरवल्याबिगर ती घोडी व्हत न्हाई, राजे.”

मी म्हणाले, “हे मांस न्हाई दादा. ही तिची हाडं हायेत.”

त्याने ताडपत्री परत ओढली, दोरी बांधली, आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला, “तू तुझं पावतीचं बघ. रजिस्टरात काय लिहिलंयस? डायव्हर खाली. मग खालीच हाय मी.”

आजोबा, माझ्या चुकीच्या नोंदीचा त्याला असा उपयोग झाला. मी बरोबर लिहिलं असतं तर त्याच दिवशी विचारलं असतं की सत्तर किलो कुठं गेले, आणि कदाचित कापलेलं परत जोडायला वेळ मिळाला असता.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला दोन दिवस लागले. त्या सहा तुकड्यांवर खडूच्या खुणा आहेत. एक ते सहा, उर्दू आकड्यांत. तुमच्या यादीतला पाच बदामासारखा आहे आणि त्याचं टोक तुम्ही डावीकडे थोडं वाकडं काढता. सीटमागच्या प्लेटवरचा पाच तसाच आहे. मी तुमची यादी शेडमध्ये नेऊन शेजारी धरून पाहिली. दादाला उर्दू आकडे येत नाहीत.

आणि दादा दिवाळीपासून तुमच्याकडे आला नाही, असं तुम्ही लिहिलंत. मी तसं काही विचारलं नव्हतं.

माझा समज चुकीचा असेल तर मला कळवा. मी नुकतीच एकदा चुकले आहे, त्यामुळे आता स्वतःच्या डोळ्यांवर माझा पूर्ण भरवसा नाही. चुकीचा असेल तर मी पाया पडून माफी मागेन. पण उत्तर लवकर पाठवा. शर्यत २१ तारखेला, रविवारी आहे.

आज सहा डिसेंबर, सुलाबाई विहारात गेल्या आहेत, म्हणून काटा मीच झाडला. झाडताना शेंगेचं एक टरफल फटीत सापडलं. ते मी ठेवून दिलं आहे. कशासाठी, ते सांगता येत नाही.

राजेश्री


पोखर्णी
१० डिसेंबर

राजेश्री,

तुझा समज चूक न्हाई.

तो १५ नोव्हेंबरला आला होता, शनिवारी. गाडी नरसिंहाच्या देवळापाशी उभी केली अन् मला घ्यायला घरी आला. मी काठी घेऊन गेलो. खरं सांगतो माय, नऊ वर्षांत मला कुणी गाडी दाखवायला आणली न्हवती. कान गेल्यावर लोक म्हणत्यात, इंजिनाचा आवाज ऐकू येत न्हाई तर हा मिस्त्री कसला. मी बोनेटवर हात ठेवला, तिनं हाताला वळख दिली. देवळातली माणसं भोवती जमली. बजरंग बोनेटवरच्या धुळीत बोटानं लिहून मला विचारायलाय अन् मी जबाब द्यायलोय. अशी एक तास माझी इज्जत झाली.

त्यानं लिहिलं, अजून सत्तर पाहिजेत. मी खडू मागितला. सहा ठिकाणी खुणा मीच केल्या.

पण एक ध्यानात घे. मी त्याला सांगितलं होतं, हे कापायच्या आधी आतून पाइपाचा सांगाडा टाक. चार उभे, दोन आडवे, वरून एक. त्याचे चाळीस किलो वाढतील, वाढू दे, ते दुसरीकडून काढू. सांगाडा बसला की मगच कापायचं, असं मी तीनदा सांगितलं. तो मान हलवत होता. मला वाटलं, ऐकतोय. मला ऐकू येत न्हाई, त्यामुळं समोरच्यानं ऐकलं का न्हाई हे मला फक्त मानेवरून कळतं.

तुझं पत्र आलं, सत्तर कमी भरले म्हणून, तवाच मला समजलं की सांगाडा टाकलेला न्हाई. टाकला असता तर फरक तीसचा आला असता. हिशेब मला तू लिहिलेल्या कागदावरच दिसत होता. तरी मी तुला मुंग्या अन् गंज सांगितला. शरम वाटली एवढंच.

आता धोका सांगतो, तुला माहीत पाहिजे. गाडी सरळ पळंल तोवर कायबी होणार न्हाई. तीच तर खराबी हाय, तिच्या पळण्यावरून कुणाला कळणार न्हाई. शेवटच्या रेघेपलीकडं जोरात ब्रेक मारावा लागतो. तिथं अंग पिळलं, आडवी गेली, तर ती डब्यासारखी चेपंल. आत माणूस असतो.

अन् तू लिहिलेले बारा किलो माझ्या खुणेतले न्हाईत. मी सहाच दाखवले होते. ते बारा कुठले हे मला माहीत न्हाई, अन् मला जास्त भ्याव त्याचंच वाटायलंय. एकदा सीटखाली बघ. चालवणाऱ्याच्या सीटखाली.

कापलेलं परत जोडता येतं, पण नीट जोडायला पंधरा दिवस पाहिजेत अन् त्याला आता माझे हात चालत न्हाईत. तारीख तोवर निघून जाईल. जाऊ दे.

बजरंगला मी चिठ्ठी पाठवली होती, सांगाडा टाक न्हाईतर गाडी काढू नको म्हणून. त्यानं जबाब दिला न्हाई.

एक मागतो. तू आता गप बसणारी न्हाईस, हे मला दिसतंय. कुणाला सांगायचं त्याला सांग. पण माझं नाव मधी घेऊ नको. गावात अजून चार जण मला मिस्त्री म्हणत्यात. तेवढंच राहिलंय माझ्याजवळ.

किशनराव


मानवत
रविवार, १४ डिसेंबर २०२५

आजोबा, नमस्कार.

बारा किलो सापडले. तुम्ही सांगितलेल्या जागीच.

शुक्रवारी दुपारी तुमचं पत्र आलं. दादा जेवायला बसला होता तेवढ्यात मी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले. डायव्हरच्या सीटखाली जो लोखंडी आडवा पट्टा असतो, ज्याला सीट आवळलेलं असतं, तो नाही. त्याच्या जागी लाकडाची फळी आहे, वरून काळा रंग दिलेली. सीट आता त्या फळीवर उभं आहे. रंग नखाने खरवडला. फळी बाबांच्या जुन्या काट्याच्या पारड्याची आहे. कडेला बाबांनी चाकूने कोरलेली खूण आहे आणि मधोमध वजनं ठेवून ठेवून पडलेला खळगा. लहानपणी मी त्या खळग्यात बोट फिरवत बेरजा करायचे.

लोखंडी पट्टा गोठ्याच्या आढ्यावर ठेवलेला मिळाला. १२ किलो. आता सगळं जुळलं. १३० आणि ५८ आणि १२. फळीचे एक-दोन किलो भुईकाट्याला दिसत नाहीत. फरक शून्य. आजपर्यंत हिशेब जुळला की मला बरं वाटायचं.

काल दादाने पावती मागितली. रिकाम्या गाडीची, ९९०, माझ्या सहीची. मी म्हणाले, वजन खरं आहे, पण पावतीवर काय काय काढलं तेही लिहीन, फळीसकट. तो खिडकीशीच उभा होता. मागे कापसाच्या तीन गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मग म्हणाला, “तू माझी बहीण हायेस का त्या पोरायची?” आणि गेला. संध्याकाळी परभणी रोडवरच्या दुसऱ्या काट्यावरून पावती करून आणली. ती त्याने देवाजवळ ठेवली आहे. ती पावती खोटी नाही. त्या काट्यावरच्या माणसाने जे दिसलं तेच लिहिलं.

म्हणजे मी पावती नाकारून काहीच थांबलं नाही.

रात्रीच्या जेवणानंतर मी बाबांना सगळं सांगितलं. माझी चुकीची नोंद आधी सांगितली, मग बाकीचं. वाटलं होतं, रागावतील, दादाला हाक मारतील. त्यांनी फक्त विचारलं, फळी कोणती. मी त्यांचा हात धरून पाटावर खळग्याचा आकार काढून दाखवला. मग ते म्हणाले, “मी बोललो तर तो घरातून जाईल, अन् गाडी घेऊनच जाईल. त्याला मी अडवू शकत न्हाई. तू तोललंयस ना सगळं? मग जिथं तोलून दाखवायचं तिथं दाखव.” आज सकाळपासून त्यांनी चहाही घेतलेला नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी पिंगळीला गाड्यांची तपासणी असते. दहा ते दोन. मी शर्यत भरवणाऱ्यांपैकी एकाशी फोनवर बोलले, नाव न सांगता. ते म्हणाले, आम्ही ब्रेक, टायर आणि सीटबेल्ट पाहतो, वजनाची पावती घेतो. कापड फाडून आत पाहत नाही. कुणी दाखवून दिलं तर गाडी बाद करतो. कुणी म्हणजे कोण, असं मी विचारलं. ते म्हणाले, कुणीही, पण समोर येऊन.

म्हणून मी समोर जाणार आहे. ते सात तुकडे दोन पोत्यांत भरलेले आहेत आणि आता जिनिंगच्या खोलीत कुलपात आहेत. सुलाबाईंना मी फक्त एवढंच म्हणाले की जड आहे. त्या म्हणाल्या, दोन पोती हायेत, एक तुझ्या डोक्यावर, एक माझ्या. मी ते तुकडे गाडीशेजारी एकेक करून मांडीन आणि रजिस्टर उघडून ठेवीन. ‘डायव्हर खाली’ ही ओळ मी खोडलेली नाही. तिच्याखाली तारीख घालून खरं काय ते लिहिलं आहे आणि सही केली आहे.

तुमच्या मागण्याबद्दल. आजोबा, खडू अजून पुसलेला नाही आणि मी तो पुसणार नाही. कुणी विचारलं की या खुणा कुणाच्या, तर मी तुमचं नाव सांगेन. त्याच दमात हेही सांगेन की तुम्ही आधी सांगाडा टाकायला तीनदा सांगितलं होतं. ते तुमच्या हातचं पत्र माझ्यासोबत असेल. एक सांगायचं आणि एक झाकायचं, असं मला जमत नाही. याचा तुम्हाला त्रास होणार आहे हे मला कळतं. तुम्ही आईचे मामा आहात. तिच्याकडचं मोठं माणूस आता दुसरं कुणी नाही. यानंतर तुम्ही मला पत्र लिहिलं नाहीत तर मी समजून घेईन.

दादाचं काय होईल याचा मी बराच विचार केला. तिथे शंभर-दीडशे पोरं असतील, मोबाईल घेऊन. यावेळी घुंगरू नसेल, त्याहून वाईट काहीतरी असेल. बहिणीने गाडी बाद केली, हे टपरीवर वर्षानुवर्षं चालेल. तो मला राखी बांधू देणार नाही. कदाचित घरात जेवणारही नाही. पण तो कुठेतरी जेवत असेल.

हे त्याला आधी सांगायचं की नाही, यावर मी अडले होते. सांगितलं तर तो तपासणीला न जाता आधीच कुठेतरी गाडी पळवून दाखवेल, अशी भीती वाटते. न सांगता केलं तर तो दगा होतो. शेवटी असं ठरवलं की सांगायचं, पण त्याच सकाळी, पोती स्टँडवर नेणाऱ्या रिक्षात चढल्यावर, गाडीची किल्ली त्याच्या हातात असताना. त्याला वाटलं तर त्याने गाडी काढू नये. तेवढी एक जागा त्याला मोकळी ठेवते.

तुम्हाला यायला जमणार नाही हे माहीत आहे. तरी वेळ कळवून ठेवते. मानवतहून सकाळी सातची एसटी, परभणीला बदलून पिंगळी. शनिवार, २० डिसेंबर.

राजेश्री